पाण्याची रोजकीर्द : गावच्या नळयोजनेतील शुद्धता आणि नोंदी



या अहवालाच्या इतर पृष्ठांवर बाह्यरुग्ण विभागातील उपस्थिती, शस्त्रक्रिया, जमा व खर्च यांचे आकडे आपण वाचालच. मात्र एका आकड्यासाठी कोणत्याही अहवालात रकाना नसतो. जे रुग्ण मुळात आजारीच पडावयास नको होते, त्यांचा तो आकडा होय. दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आपल्या वॉर्डात हगवण, उलट्या, कावीळ आणि विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात. त्यांच्यावर उपचार करणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते आपण करतो. तथापि या आजारांचे मूळ रुग्णालयात नसून गावच्या विहिरीत, टाकीत आणि नळाच्या तोटीत असते. म्हणून यंदाच्या अभ्यासलेखासाठी गावचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा हा विषय घेतला आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, अभियंताही नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले आहे. वैद्यकीय व प्रयोगशाळेच्या बाबी सहकाऱ्यांकडून समजून घेतल्या. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या गोष्टीने मला या विषयाकडे वळविले ती गोष्ट म्हणजे एक वहीच होती.

एका गावची वही

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील हा प्रसंग आहे. परिसरातील एकाच गावातून हगवणीचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले. निंदणीचे दिवस असल्याने लोक दुखणे अंगावर काढीत होते आणि अगदी अंगातले त्राण गेल्यावरच येत होते. एका खाटेवर पाच वर्षांचा मुलगा आणि शेजारच्या खाटेवर त्याची आजी. मुलगा दोन दिवसांत उठून बसला. आजीबाईंना आणावयास उशीर झाला होता. शरीरातील पाणी आटून त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही.

आरोग्य खात्याला कळविण्यात आले. त्यांचे पथक गावात गेले, तेव्हा आपले वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि मी असे तिघे त्यांच्यासमवेत होतो. योजना आपल्याकडे सर्वत्र आढळते तशीच होती. नाल्याकाठी विहीर, विहिरीवर पंप, पन्नास हजार लिटरची उंच टाकी आणि गावभर नळ. पाणी दिसावयास नितळ होते. पंपाच्या खोलीत टीसीएल पावडरीची पिशवी तोंड उघडे असलेल्या स्थितीत ओल्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. पाण्यातील क्लोरीन तपासण्याची ओटी द्रावणाची बाटली रिकामी होती. खिळ्याला मात्र एक वही टांगलेली होती आणि ती पूर्ण भरलेली होती.

वही पाहणे हा माझा धर्म, म्हणून मी ती चाळली. दररोजची तारीख, वेळ आणि 'शिल्लक क्लोरीन' असा रकाना. त्या रकान्यात रोज एकच आकडा होता : ०.२. महिनाभर तोच आकडा, तीच शाई, तेच वळण. ज्या तीन दिवसांत डीपी जळाल्यामुळे पंपच चालला नव्हता, त्या तीन दिवसांपुढेही ०.२ लिहिलेले होते.

दुकानाच्या रोखवहीत रोजची शिल्लक महिनाभर एकच निघाली, तर कोणताही लेखापरीक्षक तेथेच थांबतो. कारण व्यवहार चालू असता शिल्लक स्थिर राहत नाही. पाण्याचेही तसेच आहे. पाऊस पडला, पाणी गढूळ झाले, पावडर जुनी झाली, की शिल्लक क्लोरीन बदलते. रोज तोच आकडा याचा अर्थ तो आकडा पाण्यातून आलेला नाही, लेखणीतून आलेला आहे.

वही लिहिणारे जलसुरक्षक आमच्यासमोर हात जोडून उभे होते. मी म्हटले, "भाऊ, तपासायचं औषधच नाही, तर आकडा कुठून आला?" ते म्हणाले, "सायेब, आखाजीपासून औषध सपलं. रकाना खाली ठेवला तं बोलणी बसतात. आकडा लिवला का मंग कोनी काई इचारत नाई."

त्या उत्तराचा मी आजही विचार करतो. हे गृहस्थ लबाड नव्हते. त्यांच्याच घरात तेच पाणी पीत होते आणि त्यांचा नातूही आजारी होता. रिकामा रकाना दिसला की रागवावयाचे आणि भरलेला दिसला की सही करावयाची, ही आपणा सर्वांची पद्धत आहे. खोटा आकडा त्यांनी लिहिला हे खरे, परंतु तो लिहावयास त्यांना आपणच शिकविले होते.

तंत्रज्ञांनी आपल्या पेटीतील द्रावणाने गावाच्या खालच्या टोकाच्या नळाचे पाणी तपासले. थोडाही पिवळा रंग आला नाही. त्या वस्तीत पाण्याला दाब नसल्याने लोकांनी नळ खाली घेऊन खड्डे केले होते आणि पावसाचे पाणी त्या खड्ड्यांत साचले होते. जलवाहिनीचा एक व्हॉल्व्ह नालीतच होता. पाणी दिवसाआड सुटत असे. नळ बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आतला दाब कमी होतो आणि जेथे गळती असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. काही घरी टिल्लू पंप लावलेले होते, त्यामुळे ही ओढ आणखी वाढत होती. विहिरीतले पाणी कितीही चांगले असले तरी नळापर्यंत पोचेतो ते तसेच राहील याची शाश्वती नसते, ती यामुळेच.

रोजकीर्द आणि ताळेबंद

हिशेबात दोन वेगळी कामे असतात. रोजकीर्द रोजच्या रोज लिहावी लागते. ताळेबंद वर्षातून एकदा निघतो. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. पाण्याच्या शुद्धतेचेही नेमके असेच दोन भाग आहेत आणि ते दोन्ही एकच समजल्यामुळे गावोगावी घोटाळा होतो.

पहिला भाग जंतूंचा. जंतू आज नसतील तर उद्या येतील. एका पावसाने, एका फुटलेल्या नळाने चित्र बदलते. म्हणून जंतूंचा बंदोबस्त आणि त्याची तपासणी रोज करावी लागते. ही रोजकीर्द होय.

दुसरा भाग क्षारांचा व रसायनांचा. विद्राव्य क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा या गोष्टी जमिनीतून येतात व हळूहळू बदलतात. त्यांची प्रयोगशाळेत ठरावीक काळाने तपासणी पुरते. हा ताळेबंद होय.

भारतीय मानक ब्युरोचे पिण्याच्या पाण्याचे प्रमाणक आयएस १०५०० हे असून त्याची सध्याची आवृत्ती २०१२ सालची आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतील जंतू एकही आढळता कामा नये, असे ते सांगते. शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम असून दुसरा उद्भव उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅम, पर्याय नसल्यास १.५ पर्यंत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तिला मात्र कोणतीही सूट नाही. हे प्रमाणक नळपाणी योजनांवर कायद्याने सक्तीचे नाही, परंतु १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी देताना ते याच प्रतीचे असावे असे ठरविले. त्याच मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उद्भवाची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, तर जैविक तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा व्हावयास हवी, आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यावयाचे आहे.

वर्षातून दोनदा होणारी जैविक तपासणी आवश्यक आहे, पण ती रोजकीर्दीची जागा घेऊ शकत नाही. ऑक्टोबरमधील अहवाल निर्दोष आला म्हणून जुलैमधील पाणी शुद्ध होते असे ठरत नाही. उरलेल्या दिवसांची साक्ष फक्त शिल्लक क्लोरीनची नोंदच देऊ शकते.

टीसीएलचा हिशेब

टीसीएल म्हणजेच ब्लिचिंग पावडर. तिच्यात वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असते, पण हे ताज्या पावडरीविषयी झाले. हवा, ओल आणि उष्णता लागली की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. पांढरा रंग तसाच राहत असल्याने डोळ्यांना फरक कळत नाही. २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर आरोग्य यंत्रणा निकृष्ट ठरविते.

हिशेब साधा आहे. पन्नास हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचे ठरले, तर एकूण १०० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर ती सुमारे ३०० ग्रॅम लागेल. तीच २० टक्क्यांवर उतरली असेल तर ५०० ग्रॅम लागेल. म्हणजे रोजचे तेच माप टाकूनही प्रत्यक्षात लोकांना दोन तृतीयांशांहून कमीच क्लोरीन मिळतो. माप तेच, नोंद तीच, संरक्षण मात्र घटलेले. म्हणून पावडर किती टाकली ही नोंद पुरेशी नाही. नळाला क्लोरीन किती उरला ही नोंद महत्त्वाची. पहिला खर्च आहे, दुसरी शिल्लक आहे.

पावडर तशीच टाकीत फेकू नये. बादलीत तिचे द्रावण करावे, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ द्रावण टाकीत मिसळावे. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडू नये, कारण जंतू मरावयास क्लोरीनला तेवढा वेळ लागतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. अर्ध्या तासानंतर टाकीत साधारण ०.५ मिलिग्रॅम आणि गावातील शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तपासणी टाकीखाली न करता शेवटच्या नळावर करावी. टाकीजवळची नोंद म्हणजे तिजोरीतील रक्कम. ती देणेकऱ्यापर्यंत पोचली की नाही हे शेवटच्या घरीच समजते.

हा शिल्लक क्लोरीन अचानक कमी झाला, तर ती धोक्याची पहिली घंटा समजावी. वाहिनीत घाण शिरली की क्लोरीन तिच्याशी लढताना खर्ची पडतो. जंतूंचा प्रयोगशाळा अहवाल यावयास दिवस लागतात, क्लोरीनची घट मात्र पाच मिनिटांत दिसते. जो रोज ०.२ असे न पाहता लिहितो, तो ही घंटाच काढून टाकतो.

घाटाखालचे पाणी

आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो. पाण्याच्या बाबतीत हा भेद अधिकच जाणवतो. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तो अमरावती व अकोला जिल्ह्यांतून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत येतो. येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे असते. या भागातील मूत्रपिंडाच्या विकारांचे प्रमाण हा गेली अनेक वर्षे सार्वजनिक चिंतेचा विषय आहे. कारणांचा शोध संशोधकांनी घ्यावयाचा आहे, पण ज्याला दुसरे पाणीच नाही त्याला शुद्ध पाणी देण्यासाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बाहेरच्या धरणातून गोडे पाणी आणणाऱ्या प्रादेशिक योजनांचे मोल येथे समजते.

खारपाणपट्ट्यात दोन गैरसमज प्रचलित आहेत. पहिला असा की, टीसीएल टाकले म्हणजे पाणी सर्वस्वी शुद्ध झाले. क्लोरीन जंतू मारतो. तो क्षार, नायट्रेट वा फ्लोराइड काढीत नाही. पाणी उकळल्यानेही क्षार जात नाहीत. उलट वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी नायट्रेटयुक्त पाणी आटेपर्यंत उकळणारी माता म्हणूनच नकळत धोका वाढवीत असते. सहा महिन्यांखालील बालकांत जास्त नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते.

दुसरा गैरसमज आरओच्या पाण्याविषयी. थंड पाण्याचा जार आता खेडोपाडी पोचला आहे. आरओ यंत्र क्षार चांगले काढते. परंतु त्याबरोबर पाण्यातील क्लोरीनही जातो आणि पुढे न धुतलेल्या जारमध्ये ते पाणी भरले तर जंतूंना अटकाव करणारे काहीच उरत नाही. खिशातील टीडीएस मीटर पाण्यात बुडवून कमी आकडा दाखविणे म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. ते मीटर क्षारांचा ढोबळ अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत आणि एकूण क्षारांत नायट्रेट किती हेही ते सांगू शकत नाही. थोडक्यात, एकाने ताळेबंद सुधारून रोजकीर्द सोडली आणि दुसऱ्याने रोजकीर्द धरून ताळेबंद सोडला, असा हा प्रकार आहे.

याच भागात २०२४ च्या डिसेंबरअखेरीस व २०२५ च्या जानेवारीत घडलेली केसगळतीची घटना आपणा सर्वांस स्मरत असेल. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डोक्याला खाज सुटून काही दिवसांतच टक्कल पडू लागले. लोकांचा पहिला संशय पाण्यावर गेला. तपासलेल्या पाण्याच्या काही नमुन्यांत नायट्रेट व क्षार मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि संशय बळावला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी गावांना भेटी दिल्या. पुढे फेब्रुवारीत, विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वपरिचित असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वस्त धान्य दुकानातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त असल्याचे आपल्या तपासातून मांडले. म्हणजे संशयाचा रोख पाण्याकडून गव्हाकडे वळला.

यातून दोन धडे मिळतात. पाण्याचा मागील पाच वर्षांचा विश्वसनीय अभिलेख हाती असेल, तर अशा वेळी 'हे पाणी कालही असेच होते' हे तत्काळ सांगता येते आणि तपास योग्य दिशेने लवकर वळतो. दुसरा धडा अधिक गंभीर आहे. केसगळतीचा दोष पाण्याचा नसला, तरी त्या नमुन्यांतील नायट्रेट काही त्याच आठवड्यात जमिनीत आलेले नव्हते. विहिरीलगतचे उकिरडे, शोषखड्डे आणि शेतातील रासायनिक खते यांतून ते वर्षानुवर्षे झिरपत असते. ते लक्षात यावयास लोकांच्या डोक्यावरचे केस जावे लागले, ही बाब आपल्या ताळेबंदाची स्थिती सांगते.

वॉकर्टनची साक्ष

खोट्या नोंदीची किंमत काय असते, हे जगाने एका परक्या गावात पाहिले आहे. गरीब देशात आणि अडाणी गावातच असे घडते असे कोणी समजू नये, म्हणून ती हकिगत येथे देतो.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. तेथील पाणीपुरवठा आपल्यासारखाच विहिरींवर होता. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतात टाकलेल्या शेणखतातील जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीनची मात्रा अपुरी होती. ई. कोलायच्या घातक प्रकाराने गावात थैमान घातले. सात जण मृत्युमुखी पडले आणि दोन हजार तीनशेहून अधिक आजारी झाले. अनेक मुलांच्या मूत्रपिंडांवर कायमचा परिणाम झाला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा पहिला अहवाल २००२ मध्ये आला. पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे दोघे भाऊ वर्षानुवर्षे शिल्लक क्लोरीन न मोजताच वहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहीत आले होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल १७ मे रोजी हाती आल्यावरही व्यवस्थापकाने तो आरोग्य खात्यापासून दडविला आणि विचारणा झाली तेव्हा पाणी ठीक असल्याचे सांगितले. पाणी उकळून पिण्याची सूचना २१ मे रोजी निघाली. क्लोरीन रोज खरोखर मोजला असता तर साथीची व्याप्ती बरीच कमी राहिली असती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दोघांनाही पुढे २००४ मध्ये शिक्षा झाली.

चौकशीत निघालेली आणखी एक गोष्ट मला आमच्या त्या जलसुरक्षक भाऊंची आठवण करून देते. हे दोघे बंधू विहिरीचे कच्चे पाणी स्वतः आवडीने पीत. आपल्या गावचे पाणी चांगलेच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. नियमित तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही त्या वह्या वेळीच खटकल्या नाहीत. वहीतला आकडा हा पाण्याविषयी बोलतो, हे सर्वच जण विसरले होते.

काय करावे

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवून साथ उद्भवू न देणाऱ्या गावास चंदेरी कार्ड मिळते. ही पद्धत चांगली आहे. तिला रोजच्या सवयींची जोड मिळावी म्हणून अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी ग्रामपंचायतींच्या विचारार्थ नम्रपणे मांडतो.

१. रिकाम्या रकान्याला शिक्षा नको. 'द्रावण संपले, तपासणी झाली नाही' असे लिहिणाऱ्याचे कौतुक करावे आणि त्याच दिवशी द्रावण मागवावे. खरी रिकामी जागा खोट्या आकड्यापेक्षा शतपटीने मोलाची आहे.

२. नोंदीला पावती हवी. तपासणी कोणाच्या नळावर केली ते लिहून त्या घरच्या व्यक्तीची सही घ्यावी. प्रशिक्षित महिलांपैकी एकीने आठवड्यातून एकदा स्वतंत्रपणे तपासणी करून तो आकडा त्याच वहीत शेजारी लिहावा. दोन हातांनी लिहिलेल्या वहीत खोटे फार काळ टिकत नाही.

३. पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी. डब्यावर खरेदीची तारीख लिहावी. जुनी आधी वापरावी. तिचा नमुना तपासणीस पाठवावा.

४. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बर्फात ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत पोचवावा. घरच्या धुतलेल्या बाटलीतील नमुन्याचा अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

५. रासायनिक तपासणीचा अहवाल कपाटात न ठेवता ग्रामसभेत वाचावा आणि चावडीवर लावावा. नायट्रेट ४५ च्या वर असेल, तर बालके व गरोदर माता यांच्यासाठी वेगळ्या पाण्याची सोय आधी करावी.

६. नालीतील व्हॉल्व्ह, गळती आणि नळाचे खड्डे यांची यादी मे महिन्यातच करावी. विहिरीजवळचे उकिरडे पावसाळ्यापूर्वी हलवावेत.

७. जलसुरक्षकाचे मानधन वेळेवर द्यावे. गावाचे आरोग्य ज्याच्या हाती आहे, त्याला सहा-सहा महिने पैशाविना ठेवून त्याच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

आपली स्वतःची टाकी

त्या गावातून परत आल्यावर मी पहिली वही मागविली ती आपल्याच रुग्णालयाच्या टाकीची. लिहावयास संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. तिच्यातही काही रविवारच्या नोंदी सोमवारच्या शाईत होत्या. विचारता समजले की सुटीच्या दिवशी तपासणीची जबाबदारी कोणाकडेही सोपविलेली नव्हती. चूक कर्मचाऱ्यांची नव्हती, ती व्यवस्थापनाची, म्हणजे माझी होती. दुसऱ्याच्या गावची वही तपासावयास निघालेल्या माणसाने आधी आपली तपासावी, हा धडा मला तेथे मिळाला.

तेव्हापासून रविवार व सणांचे दिवस धरून तपासणीची पाळी लावलेली आहे. नोंद करणाऱ्याने वेळ, ठिकाण आणि आकडा लिहून सही करावयाची आणि तपासणी हुकली तर कारण लिहावयाचे, असा नियम आहे. आता त्या वहीत ०.२ आहे, ०.४ आहे, एखाद्या दिवशी ०.१ आहे व त्यापुढे 'मात्रा वाढविली, दोन तासांनी पुन्हा तपासले' अशी ओळ आहे. मध्येच एखादा रिकामा रकाना आणि त्याचे कारणही आहे. दिसावयास ती वही पूर्वीइतकी सुबक राहिलेली नाही. पण हिशेबनिसाला विचाराल तर मी सांगेन की ती आता खरी वही झाली आहे.

आपले रुग्णालय औषध देऊ शकते, सलाइन लावू शकते, खाट देऊ शकते. त्या आजीबाईंना मात्र यांतील काहीही पुरले नाही. त्यांना हवे होते ते एक बाटली द्रावण, पावडरीचा एक कोरडा डबा आणि 'आज तपासणी झाली नाही' असे लिहिण्याची मुभा. या तिन्हींचा एकत्रित खर्च अतिदक्षता विभागातील एका दिवसाइतकाही नसतो.

परिसरातील कोणत्याही ग्रामपंचायतीस ओटी चाचणी समजून घ्यावयाची असल्यास किंवा आपल्या नोंदवहीचा नमुना हवा असल्यास कार्यालयाशी अवश्य संपर्क साधावा. आमचे तंत्रज्ञ गावात येऊन शिकवतील, त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. देणगीदार व विश्वस्त मंडळींना एवढीच विनंती की, आपल्या गावी जाल तेव्हा पंपाच्या खोलीत डोकावून खिळ्यावरची वही एकदा उघडून पाहावी. आकडे रोज सारखेच दिसले, तर कृपया कोणावर रागवू नये. शेवटच्या नळाचे एक पेलाभर पाणी घेऊन ते सर्वांसमक्ष तपासावे आणि जो आकडा येईल तो आपल्या हाताने त्या वहीत लिहावा.



प्रशासकीय अधिकारी